टेलच्या गड्याला काय मिळतं?

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाईल गेममधली क्लॅन वॉर लीग, म्हणजे खेळाडूंच्या टोळ्यांची (क्लॅनची) स्पर्धा, संपते आणि व्हॉट्सॲप ग्रुप एकदम गप्प होतो. सात दिवस सात लढाया झालेल्या असतात. ज्याची त्याची मेडलं गेमने ज्याला त्याला दिलेली असतात. पण मोजकी बोनस मेडलं लीडरच्या हातात उरतात आणि ती कुणाला द्यायची, हे गेम सांगत नाही. पंधरा जण खेळले, बोनस समजा चार. शिरपूरचा, रावेरचा, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला, सुरतेत लूमवर रातपाळी करणारा, चाकणला कंपनीत लागलेला, सगळे ऑनलाइन दिसतात आणि कुणी काही लिहीत नाही. मग एक जण हसरी इमोजी टाकून विचारतो, “मना नंबर कव्हय लागी भो?”

त्या इमोजीवर जाऊ नये. विचारणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांचा हिशेब तोंडपाठ केलेला असतो. कुणाला दोनदा मिळालं, लीडरच्या मावसभावाला कधी मिळालं, आपण कुठल्या दिवशी तीन स्टार काढले, सगळं त्याला माहीत असतं. लीडरकडेच तो हिशेब लिहिलेला नसतो. क्लॅन फुटतात ते इथून. वॉर हरल्यामुळे सहसा कुणी सोडून जात नाही.

भरपूर असेल तिथे वाटणीचा प्रश्न येत नाही. थंडीत शेताच्या बांधावर भरीत पार्टी असते तेव्हा पऱ्हाटीवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचली जातात, कुणी तेल आणलेलं असतं, कुणी कांद्याची पात, आणि कोण किती वाढून घेतो हे कुणी मोजत नाही. मोजणं तिथे अशोभनीयच. पण गेममधल्या बॉसने, म्हणजे सगळ्यांनी मिळून मारायच्या बड्या राक्षसाने, मरताना एकच तलवार टाकली आणि समोर वीस जण उभे आहेत, तेव्हा भरीत पार्टीचे संस्कार कामाला येत नाहीत. त्यासाठी खान्देशातच दुसरं एक शहाणपण आहे. ते पाण्याचं.

पांझरा, कान, बुराई, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. आता बऱ्याच ठिकाणी ती मोडकळीला आली आहे, पण तिची रचना अजून समजून घेण्यासारखी आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी पीक, हे शेतकरी एकेकटा ठरवत नाही, पंच मिळून ठरवतात. पाणी कमी असेल तर कुठला फड कोरडा ठेवायचा, हेही पेरणीच्या आधी ठरतं. खरी गंमत पुढे आहे. बहुतेक शेतकऱ्यांच्या पट्ट्या एकाच फडात नसतात, थोडी इथे, थोडी तिथे. म्हणजे एक फड कोरडा राहिला तर सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. आणि आपल्या वाफ्यात पाणी आपण फोडायचं नाही, ते पाटकरी देतो.

गेममधल्या वाटणीच्या जवळजवळ सगळ्या पद्धती भरल्या पाटाचा विचार करून बनवलेल्या असतात. तूट पडली की कुणाची पट्टी कोरडी राहणार, हे आधी ठरवणारी गिल्ड (इतर गेममधली क्लॅनसारखी टोळी) क्वचितच दिसते. म्हणून प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारून बघावा: यात टेलच्या, म्हणजे पाटाच्या पार शेवटच्या, गड्याला काय मिळतं?

क्लॅशपासूनच बघू. 2022 मध्ये आलेल्या क्लॅन कॅपिटलमध्ये, म्हणजे क्लॅनच्या सामाईक राजधानीत, गेमने स्वतःच एक फड आखून दिला आहे. शुक्रवारी सुरू होणाऱ्या रेड वीकेंडला प्रत्येकाला पाच अटॅक, समोरच्या राजधानीचा एखादा डिस्ट्रिक्ट (भाग) पूर्ण पाडला तर सहावा. हल्ल्यांतून क्लॅनने मिळवलेली मेडलं एकूण अटॅकने भागली जातात आणि ज्याने जितके अटॅक वापरले तितके वाटे त्याला मिळतात. कुणी 90 टक्के पाडलं, कुणी 20, वाटा तोच. चांगले खेळणारे यावर कुरकुर करतात, पण भांडण होत नाही, कारण नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक आणि वाटणारा हात माणसाचा नाही.

डोनेशनचं, म्हणजे क्लॅनमधल्या दुसऱ्याला सैन्य देण्याचं, उलट आहे. क्लॅनमध्ये 50 जण, प्रत्येकाच्या नावासमोर दिलेलं आणि घेतलेलं असे दोन आकडे. अनेक लीडर अजून नियम लावतात की महिन्याला हजार डोनेशन नसेल तर किक. हा आकडा मोजतो काय? सैन्याने व्यापलेली जागा. एक ड्रॅगन दिला की 20 चढतात. पूर्वी तो ड्रॅगन बनवायला एलिक्सर (गेममधलं चलन) लागायचं, वेळ लागायचा, म्हणून देणं म्हणजे खरोखर खिशातून काढून देणं होतं. 2022 पासून सैन्याला एलिक्सर लागत नाही आणि 2025 पासून वेळही लागत नाही. आकडा तोच राहिला, त्यामागचा त्याग निघून गेला. आज हजार डोनेशन म्हणजे एवढंच की हा माणूस मोबाईल हातात घेऊन बसलेला होता. ज्याला ते बसणं परवडतं त्याला बक्षीस देणारा नियम टेलपर्यंत पोचत नाही.

लीग बोनसची रांग मात्र लीडरलाच लावावी लागते, आणि ती लीग सुरू होण्याआधी लावावी. चार बोनस असतील तर दोन खेळावर, दोन रांगेने. खेळावरचे देताना नुसते स्टार मोजू नयेत. स्वतःच्या नंबरसमोरच्या किंवा वरच्या बेसवर (समोरच्या खेळाडूच्या गावावर) काढलेले स्टार मोजावेत, नाहीतर वरचे खेळाडू खालचे बेस झोडून आकडा फुगवतात. इथे एक बारीक चूक हमखास होते. तेच दोघं दर महिन्याला खेळावर जिंकले तर उरलेल्या 13 जणांना रांगेने फिरायला साडेसहा महिने लागतात. एवढं कुणी थांबत नाही. म्हणून खेळावर मिळालं तरी रांगेत शेवटी जायचं, आणि लागोपाठ दोन महिने खेळावरचा बोनस कुणालाही नाही. मग वाट पाहणं चार ते साडेपाच महिन्यांवर येतं. आणि वाट किती पाहायची ते माहीत असलं की माणूस थांबतो, हे आवर्तनाची तारीख लागली की गिरणेच्या कालव्यावरही दिसतं.

मोठ्या रेडच्या, म्हणजे अनेकांनी मिळून बॉस मारायच्या मोहिमांच्या, गेममध्ये हा प्रश्न जुना आहे. 1999 साली एव्हरक्वेस्ट आलं. त्यातल्या नागाफेन आणि व्हॉक्स या दोन ड्रॅगनांवरून नाव पडलेली ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ (डीकेपी) ही गुणांची वही आफ्टरलाईफ नावाच्या गिल्डने काढली. हजर राहा, गुण मिळवा, वस्तू पडली की गुणांनी विकत घ्या. 2004 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आलं. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या रेडला 40 माणसं लागत आणि बॉस टाकणार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वस्तू. डीकेपी घरोघर पोचली.

साधी डीकेपी अशी असते: बॉसमागे 10, वेळेवर आल्याचे 5, शेवटपर्यंत थांबल्याचे 5. सहा बॉसच्या रात्री 70 गुण. हे गुण दर आठवड्याला हवेतून तयार होतात, खर्च त्या मानाने कमी होतो, आणि वर्षभरात जुन्यांच्या खात्यात दोन-दोन हजार साचतात. नवा माणूस 70 घेऊन उभा राहतो तेव्हा त्याच्यापुढे डोंगर असतो. सावकाराच्या वहीसारखंच हे, फक्त व्याज वेळेचं.

यावर दोन उपाय सांगितले जातात. पहिला शून्य बेरजेचा: वस्तू 100 गुणांना गेली तर ते 100 गुण हजर असलेल्या वीस जणांत पाच-पाच वाटायचे. गुण फुगत नाहीत, पण ज्या रात्री बॉस मेलाच नाही त्या रात्री कुणालाच काही मिळत नाही. मग नवा बॉस शिकायच्या रात्री, म्हणजे जेव्हा माणसं सगळ्यात जास्त लागतात तेव्हाच, निम्मे गायब. आमचं मत याच्या विरुद्ध आहे. शिकण्याच्या रात्रीला मारण्याच्या रात्रीइतकेच गुण हवेत.

दुसरा उपाय घट. दर आठवड्याला प्रत्येकाच्या शिल्लक गुणांतून 10 टक्के कापायचे. ऐकायला कडक वाटतं, पण हिशेब करून बघा. दर आठवड्याला 100 मिळवणारा माणूस काहीही विकत न घेता दहा वर्षं खेळला तरी 1000 च्या वर जात नाही, कारण तिथे कापलेले 100 आणि मिळालेले 100 सारखे होतात. नवा माणूस त्याच गतीने खेळला तर सात आठवड्यांत 520 च्या पुढे येतो. म्हणजे दोन महिन्यांच्या आत तो अर्ध्या रस्त्यावर. 5 टक्के घट ठेवली तर छत 2000 वर जातं आणि अर्ध्या रस्त्याला चौदा आठवडे लागतात. 20 टक्के ठेवली तर छत 500 वर येतं, पण मग दोन आठवडे सुटी घेणाऱ्याची एक तृतीयांशाहून जास्त शिल्लक उडते. दहा हा आकडा परंपरेने आला असेल, पण तो बऱ्यापैकी बसतो.

बोलीतही खाचखळगे आहेत. उघड बोलीत चार दोस्त ठरवून एकमेकांवर चढत नाहीत आणि तलवार किमान भावात उचलतात. बाजार समितीत हर्रास पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सीलबंद बोली घ्यावी, आणि जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा फक्त एक गुण जास्त द्यावा. मग खरी गरज लिहायला कुणी घाबरत नाही.

ईपीजीपी नावाची पद्धत बोलीच काढून टाकते. मेहनतीचे गुण भागिले घेतलेल्या वस्तूंचे गुण, ज्याचा भागाकार मोठा त्याची वस्तू. जुन्याची मेहनत 2000, घेतलेलं 800, भागाकार अडीच. नव्याची मेहनत 300, घेतलेलं काही नाही. इथे शून्याने भागायची वेळ येते, म्हणून सगळ्यांच्या खाली मुळातच 100 धरतात. मग जुन्याचे 2000 भागिले 900, म्हणजे सव्वादोनच्या आसपास, नव्याचा भागाकार तीन, वस्तू नव्याला. हे मूळचे 100 विसरले की पहिल्याच रात्री आलेला पाहुणा सगळ्यात भारी वस्तू घेऊन जातो आणि परत दिसत नाही. म्हणून सोबत किमान मेहनतीची अटही हवी, सुमारे तीन आठवड्यांच्या हजेरीइतकी.

नुसता फासा टाकणं सगळ्यात न्याय्य, असं म्हणणारे असतात. एका वस्तूसाठी पाच जण, आठवड्याला एक वस्तू. दहा आठवड्यांनंतरही त्यातल्या ठरावीक एका गड्याला काहीच न मिळण्याची शक्यता जवळपास दहात एक. सरासरीत सगळं बरोबर असतं, आणि तो एक जण गिल्ड सोडून गेलेला असतो. अनोळखी लोकांच्या एका रात्रीच्या रेडला फासा ठीक आहे. त्यातही आधी प्रत्येकाने एकच वस्तू राखून ठेवायची आणि त्या वस्तूवर राखणाऱ्यांनीच फासा टाकायचा, हे बरं.

आणि लूट कौन्सिल, म्हणजे तीन-चार ऑफिसर बसून ठरवणार. उत्तम चालली तर सगळ्या पद्धतींत उत्तम, कारण टँकला, म्हणजे पुढे उभं राहून बॉसचा मार खाणाऱ्याला, ढाल आधी लागते हे भागाकाराला कळत नाही. वाईट चालली तर ती भाऊबंदकी. कौन्सिलमधल्या माणसाला स्वतःला वस्तू हवी असेल तर त्या निर्णयापुरतं त्याने बाहेर बसायचं. पाणी वाटणाऱ्याने आपल्या वाफ्याकडे बघायचं नाही.

हजेरीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण खान्देशातली गिल्ड इथे मार खाते. रेड रात्री साडेनऊला. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला शेतीपंपाची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत तो मोटारीवर असतो. आला तरी साडेदहाला येणार, तोही मळ्यातल्या एका काडीच्या नेटवर्कवर. कापसाच्या वेचणीत दिवसभर वाकून वेचणारा पोरगा रात्री दहाला झोपतो. सुरतचा रातपाळीवाला पंधरा दिवस गायब, पुढचे पंधरा दिवस हजर. ‘वेळेवर आल्याचे 5’ हे गुण या सगळ्यांकडून काढून चाकणच्या वाय-फायवाल्याला देतात. नियम सगळ्यांना सारखा लावला, तरी पाट त्याच्याच दारावरून गेलेला असतो.

उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. हजेरी रात्रीवर न मोजता चार आठवड्यांवर मोजायची. आठपैकी पाच रात्री आला की पूर्ण हजेरी. न येण्याची खबर संध्याकाळी सहापर्यंत ग्रुपवर दिली तर वेळेचे 5 तसेच. खबर दिली नाही तर मात्र काहीच नाही, कारण एकोणीस जणांना ताटकळत ठेवणं ही खरी चूक. आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात रेड नाही, घट नाही, रांग जिथल्या तिथे. आखाजीला गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात, त्या आठवड्यात ड्रॅगनकडे कोण बघतो?

सामाईक कोठाराकडे येऊ. अल्बियन ऑनलाइन 2021 मध्ये मोबाईलवर आलं आणि ब्लॅक झोनमध्ये, म्हणजे त्यातल्या धोक्याच्या भागात, मेलं की अंगावरचं सगळं जातं हा त्याचा नियम. म्हणून गिल्ड ‘रीगिअर’ देते, म्हणजे गिल्डच्या हाकेला येऊन मेलास तर सामान भरून देतो. पैसा येतो टॅक्समधून. पण टॅक्स चांदीवर (गेममधल्या पैशावर) बसतो, गोळा केलेल्या लाकडा-दगडावर बसत नाही. म्हणजे राक्षस मारणारा भरतो आणि दिवसभर खाणी उकरणारा सुटतो. याची फोड केली नाही तर सहा महिन्यांनी राक्षस मारणारे बोलायला लागतात. गोळा करणाऱ्यांनी गिल्डला लागणारा माल बाजारभावापेक्षा 10 टक्के कमी दराने आधी गिल्डला विकायचा, एवढं ठरवलं की पारडं बरंचसं सावरतं.

रीगिअरची अट चार ओळींत बसावी: हाक गिल्डची असावी, पोशाख ठरवून दिलेला असावा, मृत्यूची नोंद किल बोर्डावर (कोण कुठे मेलं त्या यादीत) दिसावी, मागणी 48 तासांत यावी. मनाने महागडं काही घालून आला आणि मेला तर ठरलेल्या पोशाखाइतकंच परत. कोठारात किमान दोन मोठ्या लढायांचे पोशाख तयार ठेवावेत. वीस जणांची टोळी असेल तर 40. ते 20 च्या खाली गेले की काय करायचं, हेही आधी लिहावं, कारण तोच कोरड्या फडाचा दिवस. आमच्या मते तेव्हा सगळ्यांना निम्मं द्यावं: शस्त्र गिल्डचं, चिलखत स्वतःचं. आधी मागणाऱ्याला पूर्ण आणि नंतरच्याला शून्य, हे हेडच्या, म्हणजे पाटाच्या तोंडाशी असलेल्या, शेतकऱ्याने मोटार लावून पाणी उपसण्यासारखं झालं.

चोरीचं म्हणाल तर ती बहुधा रात्री, आणि बहुधा ज्याच्यावर विश्वास त्याच्या हातून, किंवा त्याचा पासवर्ड गेलेल्या खात्यातून. वॉरक्राफ्टमध्ये 2007 पासून गिल्ड बँक आहे, आणि तिथे पदानुसार रोज किती काढता येईल याची मर्यादा घालता येते. ती लीडरच्या खालच्या प्रत्येकाला घालावी, सख्ख्या भावालाही. कोठाराचे कप्पे करावेत: रोजचं सामान सगळ्यांना उघडं, मधला कप्पा ऑफिसरला, भारी सामान दोघांच्या संमतीने. दुसरी संमती गेम मागत नाही, ती ग्रुपवर लिहून घ्यायची.

खरा पैसा या सगळ्यात आला की बहुतेक नियम निकामी होतात. वॉरक्राफ्टमध्ये वस्तू गेममधल्या सोन्याने लिलावात विकायची आणि जमलेलं सोनं सगळ्यांत वाटायचं, अशी जीडीकेपी नावाची पद्धत फोफावली. कागदावर ती देखणी, रिकाम्या हाताने कुणी घरी जात नाही. पण ते सोनं बाहेर रुपया-डॉलरने विकत घेतलेलं असायचं. कंपनीने 2024 मध्ये सीझन ऑफ डिस्कव्हरी या वॉरक्राफ्टच्या आवृत्तीत तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे हेच यूपीआयवर होतं: ‘पाचशे टाक, पुढचा बोनस तुझा.’ एकदा घेतले की रांगेचं नाव काढू नये.

वही कशी असावी, हे जवळून सांगतो. एक गूगल शीट. रकाने सात: तारीख, वस्तू, कोणाला, आधीचे गुण, नंतरचे गुण, कारण, नोंद कोणी केली. लिहायचा अधिकार दोघांना, बघायचा आणि कमेंट टाकायचा सगळ्यांना. लीडर लिहिणाऱ्यांत नसला तर उत्तम. सातातला सहावा रकाना सगळ्यात जड. त्यात ‘गरज होती’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, काहीतरी लपवलं आहे. गरज वीसही जणांना होती. ‘टँक, पुढच्या बॉसच्या तिसऱ्या टप्प्यात दोनदा पडला’ हे कारण. नोंद त्याच रात्री, झोपण्याआधी. सकाळी लिहू म्हटलं की आठवणीत 420 गुणांचे 450 होतात आणि त्या तिसांवरून महिनाभर धुसफूस चालते. हरकत 48 तासांत, शीटमधल्या त्याच ओळीवर, ग्रुपवर नाही. जुनी ओळ पुसायची नाही, खाली दुरुस्तीची नवी ओळ टाकायची. कुणी पुसलीच तर लिहायचा अधिकार असलेल्याला शीटचा बदलांचा इतिहास उघडून कोणी, कधी पुसली ते दिसतं, आणि हे सगळ्यांना माहीत असलं की सहसा कुणी पुसत नाही.

सुरुवात हेडपासून की टेलपासून, हा वाद उरतोच. कालव्यावर आता टेल टू हेड पाणी द्यायची भाषा आहे. रेडमध्ये ती जशीच्या तशी लावली तर बॉस मरणार नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत टँक आणि हीलरना (जखमा भरणाऱ्यांना) आधी सजवावं, आणि त्यांनी जे घेतलं ते पूर्ण भावाने त्यांच्या नावावर मांडावं. ‘टँक आहे म्हणून फुकट’ ही सवलत एकदा दिली की परत घेता येत नाही. बॉस पहिल्यांदा मेला की पाट उलटा फिरवावा: त्या बॉसच्या वस्तूंसाठी पहिला हक्क ज्याच्या अंगावर सगळ्यात जुनं सामान आहे त्याचा.

आणि गिल्ड फुटते त्या दिवसाचा नियम. तो पहिल्याच दिवशी लिहावा, तेव्हा सगळे हसतात, म्हणून लिहिणं सोपं जातं. अंगावरचं ज्याचं त्याचं. गुण रद्द, कारण ते या वहीबाहेर चालत नाहीत. कोठारातलं सामान गेल्या आठ आठवड्यांत पूर्ण हजेरी असलेल्यांत समान. सामानाचे 47 गड्डे आणि वीस माणसं असतील तर प्रत्येकाला दोन, आणि उरलेले सात रांगेच्या शेवटच्या नावापासून वर मोजत.